बाक मोजणारी माणसं

माझ्या पाठीचा कणा बाजूला वळलेला आहे; त्याचा बाक ५२ अंशांचा आहे. विशीत तो ३८ होता. दोन्ही आकडे एकाच रीतीने मोजलेले आहेत म्हणून त्यांची तुलना करता येते. ही रीत १९४८ साली न्यूयॉर्कच्या जॉन कॉब या अस्थितज्ज्ञाने मांडली. एक्स-रेवर बाकाच्या वरच्या आणि खालच्या टोकाचे सर्वांत जास्त कललेले मणके शोधायचे, त्यांच्या कडांना लागून रेघा ओढायच्या आणि त्या रेघांमधला कोन मोजायचा. कंपासपेटीतला कोनमापक त्याला पुरतो. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. साठीच्या जवळ आल्यावर ‘शस्त्रक्रिया करून घ्या’ असं एकाने आणि ‘अजिबात करू नका’ असं दुसऱ्याने सांगितलं, तेव्हा मी या शस्त्रक्रियेचाच इतिहास वाचायला घेतला.

पाठ ताणून सरळ करण्याची कल्पना फार जुनी आहे. हिप्पोक्रॅटिसच्या परंपरेतले वैद्य रुग्णाला फळीवर बांधून ताण देत. भागवतातला कृष्ण कुब्जेच्या पावलांवर पाय दाबून दोन बोटांनी तिची हनुवटी उचलतो, तोही ताणच. सोळाव्या शतकात फ्रान्सच्या आंब्रुआझ पारेने पाठीसाठी पत्र्याची चिलखतं करवून घेतली. १८७७ साली अमेरिकेतल्या लुईस सेयरने रुग्णाला डोकं आणि काखांखाली पट्टे घालून टांगायचं आणि तशा अवस्थेतच अंगाभोवती प्लास्टर चढवायचं, ही पद्धत पुस्तकरूपाने मांडली. या सगळ्यांत अडचण एकच होती. ताण सुटला की पाठ आपल्या जागी परत जाई.

मग न्यूयॉर्कच्या रसेल हिब्जने १९११ साली क्षयाने पोखरलेले मणके एकमेकांना जोडले आणि १९१४ मध्ये तोच उपाय बाकासाठी वापरला. मणक्यांचे पृष्ठभाग खरवडायचे, म्हणजे ते भरून येताना सांधून एकसंध हाड होतं. त्यासाठी रुग्णाने महिनोन्‌महिने प्लास्टरमध्ये पडून राहायचं. या उपचारांचा पहिला मोठा हिशेब १९४१ साली अमेरिकन ऑर्थोपेडिक असोसिएशनच्या समितीने ४२५ रुग्ण तपासून मांडला आणि तो निराशाजनक निघाला. बऱ्याच जणांची मिळालेली सुधारणा टिकली नव्हती, कित्येकांचे मणके सांधलेच नव्हते. मला या अहवालाबद्दल फार आदर वाटतो. आपल्याच हातच्या कामाचं अपयश आकड्यांत लिहून ठेवायला धैर्य लागतं.

पुढचं पाऊल ह्यूस्टनच्या पॉल हॅरिंग्टनने टाकलं. तिथे पोलिओच्या साथीनंतर वाकड्या पाठीची मुलं येत. त्यांची फुप्फुसं आधीच दुबळी, त्यांना अंगभर प्लास्टर सोसत नसे. हॅरिंग्टनने स्टेनलेस स्टीलची सळई आणि तिच्या दोन टोकांना मणक्यांत अडकणारे आकडे वापरले. सळईवर खाचा होत्या. गाडीचा जॅक चढवावा तसा वरचा आकडा एकेक खाच पुढे सरकवायचा की मणके ताणले जात. सुरुवातीला तो मणके न जोडता नुसती सळई बसवी. सळया तुटल्या, आकडे सुटले, तेव्हा त्याने जोडणीही सुरू केली. १९६२ साली त्याने १२९ रुग्णांचा लेखाजोखा छापला आणि जगभर ही सळई गेली. तिचा दोष कळायला वर्षं लागली. कमरेला नैसर्गिक खोलगट बाक असतो. सळई कमरेपर्यंत उतरली की तो सपाट होई. अशी माणसं वयाबरोबर पुढे झुकू लागली, उभं राहायला गुडघे वाकवावे लागू लागले. पुढच्या पिढीने, म्हणजे १९८४ च्या सुमारास फ्रान्सच्या कोट्रेल आणि द्युबुसे यांनी आणि नंतर स्क्रू वापरणाऱ्यांनी, पाठ बाजूनेही बघायला सुरुवात केली ती यातूनच.

शस्त्रक्रियेत मज्जारज्जू दुखावून पांगळं व्हायची भीती मलाही होती. म्हणून लियोंच्या स्तान्यारा आणि सहकाऱ्यांची १९७३ ची चाचणी मला हलवून गेली. पाठ उघडी असतानाच भूल हलकी करून रुग्णाला अर्धवट जागं करायचं आणि सांगायचं, पायाची बोटं हलव. बोटं हलली की पुढे जायचं. आज विजेच्या संदेशांनी मज्जारज्जूवर सतत नजर ठेवतात.

पण माझा निर्णय ज्यांच्यामुळे झाला ते शस्त्रक्रिया न झालेल्या माणसांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणारे संशोधक. १९६८ साली स्वीडनच्या नाकेमसनचा अभ्यास आला. त्यात अकाली मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं, पण त्यात पोलिओने आणि जन्मतः वाकड्या झालेल्या पाठीही मिसळल्या होत्या. आमच्या घरी एका डॉक्टरांनी ‘लग्न करू नका, मूल होऊ देऊ नका’ असं सांगितलं होतं ते याच काळातल्या भीतीपोटी असावं. बाक दिसू नये म्हणून आई शिंप्याला ब्लाउजच्या उजव्या खांद्याखाली गादी लावायला सांगे.

आयोवात पोन्सेटी आणि वाइनस्टाइन यांनी १९८३ साली १०२ जणांची हकिगत छापली, सरासरी ४० वर्षांच्या पाठपुराव्याची. वाढ थांबताना ज्यांचा बाक ३० अंशांखाली होता त्यांचा फारसा वाढला नाही. छातीच्या भागातले ५० ते ७५ अंशांचे बाक मात्र वर्षाला साधारण एका अंशाने वाढत राहिले. २००३ मध्ये, पन्नास वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, याच प्रकारच्या रुग्णांचा हिशेब आला: माणसं अकाली गेलेली नव्हती, संसार आणि नोकऱ्या करत होती. जुनाट पाठदुखी मात्र ६१ टक्क्यांना होती, सरळ पाठीच्या समवयस्कांत ३५ टक्क्यांना.

मोठ्या वयात नुसता कोन पुरत नाही. २००५ साली ग्लासमन आणि ब्रिडवेल यांनी दाखवलं की शरीर पुढे जितकं झुकतं तितका त्रास जास्त. २०१९ साली ४० ते ८० वयाच्या रुग्णांचा कमरेच्या बाकावरचा अभ्यास छापला गेला. शस्त्रक्रिया झालेल्यांना सरासरीने बरं वाटलं. न झालेले दोन वर्षांत साधारण होते तसेच राहिले. पण चिठ्ठी टाकून ज्यांना ‘शस्त्रक्रिया नको’ गटात घातलं होतं त्यांच्यापैकी ६४ टक्के लोकांनी मधेच शस्त्रक्रिया करून घेतली. दुखणं माणसाला कुठे नेतं ते त्या आकड्यात आहे, म्हणून मी तो विसरत नाही.

शस्त्रक्रियेने माझी कंबर ओटीपोटाच्या हाडापर्यंत जखडली तर जमिनीवर मांडी घालून बसणं आणि पायाची नखं काढणं दोन्ही अवघड होईल. पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतात, त्यात स्क्रू नीट धरत नाहीत. म्हणून हाडांची घनता आधी तपासावी लागते. मी सरळ उभी राहते, पायात कळ येत नाही, बाक वर्षाला अर्धा अंशही वाढलेला नाही. तूर्त मी नको म्हटलं आहे. पुढे झुकू लागले किंवा चालणं पायांच्या दुखण्याने थांबलं तर हो म्हणेन.

हे ठरवता आलं कारण विशीतली फिल्म माझ्या कपाटात सापडली. मोजणाऱ्याच्या हातात पाच अंशांचा फरक सहज पडतो, त्यामुळे जुनी आणि नवी फिल्म एकाच डॉक्टरने शेजारी ठेवून मोजायला हवी. तुमच्या घरी कुणाच्या पाठीला बाक असेल तर चांदीसाठी जुन्या एक्स-रे फिल्म विकत घेणाऱ्याला त्या देऊ नका, पाकिटावर तारीख घालून जपून ठेवा.