भूल आणि श्वास

नेरे येथील आमच्या एका आप्तांच्या घरी मध्यंतरी एक लहानसा वाद झाला. घरातील वृद्ध मावशींवर पुण्यास शस्त्रक्रिया व्हावयाची होती. उपाशीपोटी आणण्याची ताकीद असताही सकाळी कोणी मायेने त्यांस अर्धा कप दुधाचा चहा दिला आणि तेवढ्यावरून डॉक्टरांनी शस्त्रक्रिया पुढे ढकलली. घोटभर चहाने काय बिघडते, असे सर्वांचे म्हणणे. शिवाय हल्ली श्वासनलिकेत नळी न घालता घशात नुसता मास्क बसवितात, मग एवढे अवडंबर कशास, असा सुशिक्षित मंडळींचा सवाल. त्याचे उत्तर भुलीच्या इतिहासात आहे; म्हणून तो थोडक्यात पाहणे अप्रस्तुत होणार नाही.

१८४६ च्या ऑक्टोबरात बोस्टन येथे ईथरचा आणि पुढल्याच वर्षी एडिंबरो येथे सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्मचा प्रयोग यशस्वी केला. वेदना जिंकली असे जगास वाटले. परंतु २८ जानेवारी १८४८ रोजी इंग्लंडात हॅना ग्रीनर ही १५ वर्षांची मुलगी पायाचे नख काढण्याच्या क्षुल्लक शस्त्रक्रियेत क्लोरोफॉर्मखाली मरण पावली. मृत्यू हृदय थांबल्याने येतो की श्वास थांबल्याने, हा वाद पुढे पुष्कळ वर्षे चालला. त्या काळी मराठवाडा ज्या संस्थानात मोडत असे, त्या हैदराबादेत सर्जन लॉरी यांच्या पुढाकाराने १८८८ व १८८९ साली दोन कमिशने बसली. नाडीकडे नव्हे, श्वासाकडे पाहा, असा त्यांचा निष्कर्ष. तो एकांगी होता. क्लोरोफॉर्म हृदयासही थेट घातक ठरू शकते, हे १९११ मध्ये लेव्ही यांनी दाखविले. तथापि श्वासावर नजर ठेवा हा उपदेश मात्र वाया गेला नाही.

कारण भुलीने मनुष्याचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे घसरते आणि हवेची वाट बुजते. यावर पहिला उपाय म्हणजे भूल देणाराचा हात. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी महात्मा गांधींच्या आंत्रपुच्छावर शस्त्रक्रिया केली. क्लोरोफॉर्म दिलेले होते. मध्येच विजेचा दिवा गेला आणि उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पुरे करावे लागले. त्या काळच्या रीतीप्रमाणे रुग्णाच्या हनुवटीखाली बोटे देऊन जबडा पुढे धरून ठेवणे हेच श्वासमार्गाचे मुख्य रक्षण असे. शस्त्रवैद्याचे नाव पुष्कळांस ठाऊक असते. श्वास सांभाळणाराचे फार थोड्यांस.

पहिल्या महायुद्धानंतर चेहऱ्यास जखमा झालेल्या सैनिकांवर उपचार करताना मॅगिल व रोबॉथम यांनी श्वासनलिकेत नळी घालण्याची विद्या वाढविली. नळीने मार्ग पक्का झाला. परंतु ती घालण्यास कौशल्य लागते, बहुधा स्नायू शिथिल करणारे औषध द्यावे लागते आणि घशास व दातांस इजा होण्याचे भय असते. हाताने धरलेला मुखवटा आणि नळी यांच्या दरम्यान काही असावे, या विचाराने लंडनमधील डॉ. आर्ची ब्रेन यांनी १९८१ साली दंतवैद्याच्या कामी येणारा एक मुखवटा नळीस जोडून लॅरिंजियल मास्कचा आरंभ केला. हा मास्क श्वासनलिकेत शिरत नाही. स्वरयंत्राच्या वर घशात बसतो. १९८८ साली तो ब्रिटनमध्ये विक्रीस आला आणि हनुवटी धरणारा हात मोकळा झाला.

पुढे या मास्कचे अनेक प्रकार निघाले. मूळचा मास्क साधारणतः २० सेंटिमीटर पाण्याइतका दाब धरतो. त्यापुढे हवा कडेने निसटते. २००० साली आलेला प्रोसील ३० च्या आसपास दाब धरतो आणि जठरातील द्रव बाहेर काढण्यास त्यास निराळी वाट आहे. २००७ चा आय-जेल मऊ पदार्थाचा असल्याने त्यात हवा भरावी लागत नाही. तो झटपट बसतो, त्यासही जठराची वाट आहे आणि त्याने घसा कमी दुखतो असे पुष्कळ तुलनांत आढळले. दाब धरण्यात तो या दोहोंच्या मधला. तेव्हा सर्वांत चांगला कोणता, हा प्रश्नच अपुरा होय. कोणत्या रुग्णासाठी व कोणत्या शस्त्रक्रियेसाठी, हे आधी विचारले पाहिजे.

परंतु एक उणीव या सर्वांस समान आहे. हवा भरलेल्या गादीची नळी श्वासनलिकेचे तोंड जसे बंद करते, तसे यांपैकी कोणीही करीत नाही. भुलीत खोकला व गिळणे थांबलेले असते. जठरातील अन्न वर आले तर ते सरळ फुप्फुसात उतरू शकते. ब्रिटनमध्ये २००८-०९ साली झालेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक भुली अशाच साधनांनी दिलेल्या आढळल्या; आणि त्याच पाहणीत भूल देताना श्वासमार्गाच्या अपघाताने जे मृत्यू घडले, त्यांचे सर्वांत मोठे कारण हे अन्न फुप्फुसात जाणे हेच ठरले.

दूध घातलेला चहा या हिशेबात अन्नातच धरावयाचा. साधने सुधारली म्हणून पोट रिकामे ठेवण्याचा नियम सैल होत नाही. उलट मास्कच्या सुखाचा लाभ घ्यावयाचा तर तो अधिक काटेकोरपणे पाळावा लागतो. हे आम्ही नेऱ्याच्या मंडळींस समजावून सांगितले, तेव्हा मावशीच प्रथम हसल्या. दुसऱ्या खेपेस त्यांनी कपाकडे पाहिलेदेखील नाही.