व्हिनेगरची चूळ

गेल्या आठवड्यात आईच्या दाढेचं रूट कॅनाल सुरू झालं. पहिल्याच दिवशी ठणका थांबला आणि आईने जाहीर केलं, "आता पुन्हा जायला नको. उरलेले जंतू गोळ्यांनी मरतील की!" मला काही नीट उत्तर देता येईना. म्हणून रात्री वाचत बसलो, आणि पोचलो थेट सतराव्या शतकातल्या हॉलंडात!

तिथे डेल्फ्ट गावी अँटनी व्हान लेवेनहूक नावाचा कापडवाला राहायचा. भिंगं घासायचा भारी नाद. गृहस्थ रोज मिठाने दात घासायचा, तरी दातांच्या फटीत पांढरा, भिजवलेल्या पिठासारखा थर साठायचाच. तो त्याने पाण्यात कालवून भिंगाखाली धरला, तर आत इवले इवले जीव वळवळताना दिसले. १६८३ साली त्याने हे लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं. पुढची गंमत अशी, की त्याने व्हिनेगरने खळखळून चूळ भरली आणि पुन्हा थर काढून पाहिला. जीव जिवंतच! मात्र कालवलेल्या थरात व्हिनेगर टाकलं, तर लगेच मेले. त्याने निष्कर्ष काढला, की चूळ फक्त वरवरच्यांना मारते, थराच्या आत पोचत नाही.

या थराला आपण आज बायोफिल्म म्हणतो. जंतू स्वतःभोवती चिकट जाळं विणतात. औषधाचा जोर बाहेरच्या थरातच खर्च होतो, आणि आतले जंतू इतके संथ जगतात की वाढत्या जंतूंवर चालणाऱ्या अँटिबायोटिकचं त्यांच्यापुढे फारसं चालत नाही. शिवाय दाढेतली नस मेली की तिथला रक्तपुरवठाच बंद होतो. मग गिळलेली गोळी तिथवर जाणार कशी?

म्हणून औषध नेऊन तिथेच ठेवावं लागतं. पहिल्या महायुद्धात, १९१५ च्या सुमारास, डेकिन आणि कॅरेल सैनिकांच्या जखमा सौम्य सोडियम हायपोक्लोराइटने धूत. तेच ब्लीचमधलं द्रव्य आज डॉक्टर दाढेची पोकळी धुवायला वापरतात. दोन भेटींच्या मध्ये आत भरतात ते कॅल्शियम हायड्रॉक्साइड. हर्मान नावाच्या जर्मन दंतवैद्याने १९२० साली ते आणलं. म्हणजे आपला विरवलेला चुनाच, फक्त शुद्ध! (घरी प्रयोग करू नका, तोंड भाजेल.)

१९७० साली लो आणि शियट यांनी दाखवलं, की दात आधी स्वच्छ केले असतील तर दिवसातून दोनदा ०.२ टक्के क्लोरहेक्सिडिनची चूळ भरून, ब्रश न करताही नवा थर धरत नाही. जुन्या, मुरलेल्या थरावर मात्र तिची मात्रा फारशी चालत नाही. तीनशे वर्षांनीही गोष्ट तीच. आधी थर मोडा, मग औषध!

हे सगळं आईला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे करपलेल्या कढईसारखंच की. नुसती भिजत ठेवून निघत नाही, घासावीच लागते."

माझ्या अख्ख्या रात्रीच्या वाचनाचं सार तिने एका वाक्यात सांगून टाकलं. असो. गुरुवारी दुसरी भेट आहे, आणि आई जाणार आहे.