वस्तीची निवड : तगर ते धाराशिव

इसवी सनाच्या पहिल्या शतकांत तांबड्या समुद्रांतून हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्याशीं व्यापार करणाऱ्या कोणा अनामिक ग्रीकभाषी व्यापाऱ्यानें ‘पेरिप्लस’ नांवाची एक मार्गदर्शिका लिहून ठेविली आहे. बंदरें कोणतीं, वारा कोणत्या महिन्यांत सुटतो, कोणता माल कोठें खपतो, एवढ्यापुरताच त्याचा मतलब. देशाच्या अंतर्भागाविषयीं तो फारसें बोलत नाहीं. परंतु दक्षिणापथांतील दोन नगरांचीं नांवें त्यालाहि वगळतां आलीं नाहींत. भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेकडे दहा दिवसांच्या वाटेवर तगर. पैठणहून अकीकाचे दगड पुष्कळ येतात; तगरहून जाडेंभरडें कापड, तलम मलमलीचे नाना प्रकार आणि पूर्व किनाऱ्याकडून तेथें उतरलेला इतर माल येतो; आणि हें सर्व गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या विस्तीर्ण मुलखांतून भडोचला आणावें लागतें, असें तो सांगतो. ह्यांत एक बारकावा ध्यानांत घेण्यासारखा आहे. ‘फार मोठें नगर’ हें विशेषण त्यानें राजधानीच्या पैठणला दिलेलें नसून तगरला दिलेलें आहे.

हें तगर कोठलें, ह्याचा वाद विद्वानांत शंभर वर्षें चालला होता. कोणी देवगिरी म्हटलें, कोणी जुन्नर, कोणी धारूर. अखेर १९०१ सालीं फ्लीट ह्यांनीं धाराशिवच्या ईशान्येस बाराएक मैलांवर तेरणा नदीच्या कांठीं असलेलें तेर हेंच तगर असें दाखवून दिलें, आणि त्याच सुमारास कझिन्स ह्यांनीं तेथील जुन्या देवळांची पाहणी केली. निर्णयाची एक कसोटी अगदीं साध्या हिशेबाची आहे. भडोच ते पैठण सरळ रेषेनें सुमारें २२० मैल. वीस दिवसांनीं भागिलें तर दिवसाला अकरा मैल पडतात. पैठण ते तेर सुमारें ९५ मैल. दहा दिवसांनीं भागिलें तर साडेनऊ. लादलेल्या बैलगाडीची चाल ह्याहून फारशी वेगळी नसते. दिशेचा तेवढा फरक राहतो, कारण तेर पैठणच्या नेमकें पूर्वेस नसून आग्नेयेस आहे. पण किनाऱ्यावर बसून ऐकीव माहितीवर लिहिणाऱ्याला इतकी सूट देणें भाग आहे.

दोन्हीं नगरें नदीकांठचीं, दोन्हीं सातवाहनांच्या अमलांतलीं आणि दोन्हीं एकाच व्यापारी वाटेवरचीं. तरी त्यांचा स्वभाव भिन्न होता. पैठण ही राजाची जागा. टॉलेमीनें तर तिचा उल्लेख पुळुमावीची राजधानी म्हणून केला आहे. दरबार, दानधर्म, विद्वानांची ये-जा, हें तिचें वैभव. तगरचें वैभव मागाच्या खटखटाटांत आणि कुंभाराच्या चाकांत होतें. तेरच्या पांढरीच्या टेकाडांतून पावसाळ्यागणिक वाहून निघालेल्या वस्तु पाहिल्या म्हणजे ह्याची खातरी पटते: शंखाच्या बांगड्या, नाना रंगांचे मणी, सातवाहनांचीं नाणीं, पांढऱ्या केओलिन मातीच्या दुहेरी साच्यांत काढलेल्या बाहुल्या, आणि ती प्रसिद्ध हस्तिदंती स्त्रीमूर्ति, जिच्या जातीची दुसरी मूर्ति थेट इटलींतील पाँपेई नगराच्या राखेखालीं सांपडली. ह्यांतल्या पुष्कळशा वस्तु गांवचेच रामलिंगप्पा लामतुरे ह्यांनीं वेचून जतन केल्या म्हणून आज तेरच्या संग्रहालयांत दिसतात. एरवीं त्या भिंतींच्या चिखलांत गेल्या असत्या.

त्या काळच्या एखाद्या विणकरानें अथवा गाडीवानानें ह्या दोहोंपैकीं कोणतें नगर राहावयास पसंत केलें असतें? राजधानींत आश्रय मिळतो, पण राजाच्या लहरीबरोबर तो जातोहि. पेठेंत आश्रयदाता नसतो, गिऱ्हाईक असतें. तें एका गांवचें नसतें, म्हणून एका दिवसांत नाहींसें होत नाहीं. ह्या न्यायानें तगरचा पक्ष बळकट दिसतो. पण इतिहासानें निकाल उलटा दिला, आणि त्याचें कारण दोन्हीं पक्षांच्या हिशेबांत नव्हतें. रोमशीं चालणारा व्यापार ओसरला तशी तगरची पेठ बसत गेली. पैठणचे राजे गेले, पण गोदावरी राहिली. तीर्थाला येणारा यात्रेकरू हें असें गिऱ्हाईक आहे कीं ज्याला बाजारभाव ठाऊक नसतो. एकनाथांच्या काळापर्यंत आणि त्यानंतरहि पैठण नांदतें राहिलें, आणि तेर खेडें झालें.

मात्र तें विस्मृतींत गेलें असें म्हणतां येत नाहीं. कोंकणांत आणि कोल्हापूरकडे राज्य करणारे शिलाहार राजे शेंकडों वर्षांनंतरहि ताम्रपटांतून आपणांस ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवून घेत होते. राहावयाचें ठाण्यास अथवा कोल्हापुरास, आणि बिरुद तेरणेकांठचें! गांव सोडून गेलेल्या माणसाला गांवाचा अभिमान अधिक असतो, ह्याचा इतका जुना लेखी पुरावा महाराष्ट्रांत दुसरा क्वचितच मिळेल. जे मागें राहिले त्यांनीं गांव आपल्या परीनें चालविलें. विटांचें जुनें चैत्यगृह त्रिविक्रमाचें देऊळ झालें, आणि यादवकाळांत ह्याच मातींत गोरोबा कुंभार चाक फिरवीत होते.

पुढें ह्या मुलखाची सत्ता नदीकांठच्या पेठेंतून उठून किल्ल्यांत गेली. नळदुर्ग हें त्याचें ठळक उदाहरण. बोरी नदीच्या वळणांत काळ्या खडकावर उभा असलेला हा किल्ला आणि १६१३ च्या सुमारास दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या अमलांत त्या नदीला घातलेला बांध व बांधाच्या पोटांतला पाणीमहाल, हीं पाहणाऱ्याला आजहि थक्क करितात. १८५३ सालीं निजामानें हा प्रांत इंग्रजांच्या हवालीं केला, तेव्हां कॅप्टन मेडोज टेलर ह्यांनीं येथूनच चार वर्षें कारभार पाहिला; १८६० सालीं प्रांत निजामाकडे परत गेला. जिल्ह्याचें नांवहि नळदुर्गच होतें. पण तोफांचा काळ संपल्यावर किल्ल्याच्या तटाचा कचेरीला उपयोग काय? विसाव्या शतकाच्या आरंभीं जिल्ह्याचें ठाणें बालाघाटाच्या पठारावरील धाराशिव येथें गेलें, आणि मीर उस्मान अली खान ह्यांच्या नांवावरून तें उस्मानाबाद म्हणविलें गेलें. २०२३ सालीं शहराला जुनें नांव अधिकृतपणें परत मिळालें.

धाराशिवची निवड कारभाराच्या सोयीनें झाली. व्यापाराची सोय कोणी पाहिली नाहीं. बार्शी लाईट रेल्वेचा अरुंद मार्ग १८९७ सालीं बार्शीपर्यंत आला आणि १९११ सालीं लातूरला पोंचला. जिल्ह्याचें ठाणें मात्र त्यानें वाटेंत बाजूला टाकिलें. हातांत सत्ता असलेलें एक शहर आणि हातांत आगगाडी असलेलें दुसरें, अशी पैठण-तगरची जोडी एकाच जिल्ह्यांत पुन्हां जमली. लातूरच्या गंजगोलाईंतून सोळा वाटा फुटतात, आणि त्यांतल्या प्रत्येक वाटेनें कांहींतरी विकावयास येत असे. ऑगस्ट १९८२ मध्यें लातूर वेगळा जिल्हा झाला. रुंद मार्गाची गाडी धाराशिवला आली ती २००७-०८ सालीं. २०११ च्या शिरगणतींत लातूर शहराची वस्ती पावणेचार लाखांवर गेली होती, तर धाराशिवची जेमतेम लाखाच्या वर होती. ह्यावेळीं पेठेनें राजधानीला मागें टाकिलें. धाराशिवजवळ गोदावरी नव्हती, आणि तुळजाभवानीचा यात्रेकरू तुळजापुरींच उतरत होता.

परंतु ह्या जिल्ह्यांत वस्तीच्या निवडीचा सर्वांत कठीण प्रश्न शहरांपुढें उभा राहिला नाहीं. तो तेरणेच्याच खालच्या अंगाच्या खेड्यांपुढें उभा राहिला. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे, गणेशविसर्जन करून लोक निजलेले असतां, भूकंप झाला. लातूर जिल्ह्यांत किल्लारी, धाराशिव जिल्ह्यांत सास्तूर, पेठसांगवी आणि आसपासचीं गांवें जमीनदोस्त झालीं. चिखलांत रचलेल्या दोन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती आणि त्यांवर मातीचें जड माळवद, ह्यांनींच उन्हाळ्यांत गारवा दिला होता, आणि त्यांनींच त्या रात्रीं झोंपलेल्यांना गाडलें. सरकारी आंकड्यांप्रमाणें दोन्हीं जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसें दगावलीं.

जुन्या गांवठाणांत पुन्हां राहण्यास बहुतेकांचें मन धजेना. सुमारें पन्नास गांवें नव्या जागीं वसविण्यांत आलीं. आंखणी शहराच्या उपनगरासारखी: सरळ रुंद रस्ते, चौकोनी भूखंड, सुटीं सुटीं पक्कीं घरें. जुन्या गांवापेक्षां जागा कितीतरी पट लागली. जमिनीच्या मालकीप्रमाणें २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांचीं घरें ठरविलीं गेलीं. ह्या एका नियमानें काय घडलें तें सहजासहजीं दिसत नाहीं. जुन्या गांवांत भावकीची आळी असे. थोरल्याचा वाडा आणि धाकट्याची ओसरी भिंतीला भिंत लागून असत, आणि दाराशीं बसलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या नजरेंतून अर्धी आळी सुटत नसे. नव्या गांवांत ज्याची जमीन जास्त तो एका भागांत, भूमिहीन दुसऱ्या भागांत. वाड्याच्या आंतलें अंगण, जेथें बायका उघड्या हवेंत पण परक्या डोळ्यांआड काम करीत, तें उरलें नाहीं. बैल बांधावयाचे कोठें, कडबा रचावयाचा कोठें, हे प्रश्न आंखणी करणाऱ्यांनीं उशिरां विचारले. शेत कित्येकांना लांब पडलें.

तरीहि लोकांनीं नवीं गांवें नाकारिलीं नाहींत. ज्यांनीं एका रात्रींत घर गमावलें त्यांना पातळ भिंत आणि हलकें छप्पर म्हणजे काय हें कोणी सांगावयाची गरज नव्हती. त्यांनीं मिळालेलें घर ठेविलें आणि त्याच्याभोंवतीं जुनें गांव हळूहळू जोडून घेतलें. कोणी पुढें पत्र्याची पडवी काढिली, कोणी बाजूला गोठा घातला, कोणी दोन भूखंडांमधील मोकळ्या जागेला भिंत घालून अंगण परत मिळविलें. सरळ आंखलेल्या रुंद रस्त्याच्या कडेनें ओटे उभे राहिले, आणि त्या ओट्यांवर संध्याकाळीं माणसें बसूं लागलीं.