तीस वर्षांनी आलेला शब्द

आजची गोष्ट माझ्याच एका चुकीपासून सुरू होते.

बंगळुरूत एका कामासाठी मी पायथनमध्ये छोटा प्रोग्राम लिहिला होता. समोरच्या सर्व्हरकडून उत्तराचा आकडा यायचा. 200 म्हणजे काम झालं, 404 म्हणजे हवं ते सापडलं नाही, 500 म्हणजे तिकडेच काहीतरी बिघडलं. मी नव्या पद्धतीने ‘मॅच’ लिहिलं. पहिल्या ‘केस’मध्ये 200 हा आकडा. दुसऱ्या आणि शेवटच्या ‘केस’मध्ये 404 न लिहिता मी आधी ठरवून ठेवलेलं नाव लिहिलं, ‘नॉट_फाउंड’. आकड्याऐवजी नाव वापरावं, हे आपल्याला पहिल्या वर्षापासून शिकवलेलं असतं. प्रोग्राम दोन दिवस छान चालला. तिसऱ्या दिवशी कळलं, की सर्व्हर पुरता कोसळलेला असताना माझा प्रोग्राम निवांतपणे ‘सापडलं नाही’ अशी नोंद करत बसला होता.

कारण पायथनच्या लेखी मी ‘404 आहे का बघ’ असं म्हटलंच नव्हतं. ‘जे काही उरलं असेल ते घे आणि त्याला नॉट_फाउंड हे नाव दे’ असं मी म्हटलं होतं. हे असं का? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

पॅटर्न मॅचिंग म्हणजे काय, ते आधी सांगतो. पोस्टात पत्रं वेगळी करणारा माणूस पाकिटाचा आकार बघतो, पत्ता कुठे आहे ते बघतो, आणि त्याच नजरेत पिनकोड उचलतो. ओळखणं आणि आतलं काढून घेणं, दोन्ही एकदम. ही सोय मजकुरासाठी 1960च्या दशकात बेल लॅब्सच्या स्नोबॉल भाषेत होती. पण आज आपण जिच्याबद्दल बोलतोय, ती परंपरा एडिनबरोची. तिथे रॉड बर्स्टल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970च्या दशकात एनपीएल आणि मग 1980च्या सुमारास होप या भाषा केल्या. त्यात फंक्शन समीकरणांसारखं लिहायचं: यादी रिकामी असेल तर हे उत्तर, यादीत पहिला घटक आणि बाकीची शेपटी असेल तर ते उत्तर. एमएल, हॅस्केल, ओकॅमल या भाषांमध्ये हीच रीत रुजली.

मग प्रश्न आला कंपायलरचा. वीस नमुने एकाखाली एक लिहिले, तर प्रत्येक वेळी वरून खालपर्यंत सगळे तपासायचे का? 1985 साली लेनार्ट ऑगस्टसन यांनी लेझी एमएलच्या कंपायलरसाठी याचा रीतसर मार्ग मांडला. पुढे फ्रान्समध्ये ल्युक मारांजे यांनी 2007-08च्या सुमारास दोन महत्त्वाचे निबंध लिहिले. एक चांगला निर्णयवृक्ष कसा बांधायचा यावर, म्हणजे कमीत कमी तपासण्यांत योग्य ‘केस’ गाठायची. दुसरा मला जास्त आवडतो: प्रोग्रामरने एखादी शक्यता विसरली असेल, किंवा एखादी ओळ कधीच गाठली जाणार नसेल, तर कंपायलरने आधीच कसं सांगायचं. या भाषांमध्ये प्रत्येक गोष्टीचा प्रकार आधीच ठाऊक असतो, म्हणून हे जमतं.

पायथनमध्ये ते ठाऊक नसतं. (पायथनला कंपायलर आहे का, असं कुणीतरी विचारणारच. आहे. तो तुमचा प्रोग्राम आधी बाइटकोडमध्ये उतरवतो, मग तो बाइटकोड चालतो.) 1991 साली पायथन प्रथम लोकांपुढे आलं, तेव्हापासून त्यात ‘इफ, एलिफ, एल्स’ची माळ होती, साधं ‘स्विच’सुद्धा नव्हतं. 2001 साली एक प्रस्ताव आला, फेटाळला गेला. 2006 साली खुद्द गिडो व्हॅन रॉसम यांनी दुसरा लिहिला. 2007च्या पायकॉनमध्ये त्यांनी भाषणादरम्यान सभागृहाचा कौल घेतला, पाठिंबा दिसला नाही, आणि स्वतःचाच प्रस्ताव त्यांनी बाजूला ठेवला.

खरी अडचण आणखी खोल होती. ‘मॅच’ हा शब्द भाषेचा राखीव शब्द केला, तर जगभरचे जुने प्रोग्राम मोडले असते, कारण ‘मॅच’ नावाची फंक्शनं आणि चलं सगळीकडे आहेत. मजकूर शोधायच्या ‘आरई’ मॉड्यूलमध्येच एक आहे. मग कंपायलरने संदर्भावरून ओळखायचं? ‘मॅच’नंतर कंस दिसला, तर ते फंक्शनला बोलावणं असेल किंवा नव्या वाक्याची सुरुवात. ओळीच्या शेवटी विसर्गचिन्हासारखे दोन ठिपके दिसेपर्यंत कळणार नाही. आणि पायथनचा जुना वाक्यपरीक्षक फक्त पुढचा एकच शब्द बघून निर्णय घ्यायचा.

2020च्या ऑक्टोबरात आलेल्या पायथन 3.9मध्ये तो परीक्षक बदलला. नवा परीक्षक एक वाट धरून बघतो, जमली नाही तर मागे येऊन दुसरी धरतो. त्यामुळे ‘मॅच’ आणि ‘केस’ हे मऊ राखीव शब्द होऊ शकले: योग्य जागी राखीव, इतरत्र तुमचे.

त्याच वर्षी जूनमध्ये गिडो, ब्रँट बुकर, टोबियास कोन आणि आणखी तिघांनी पीईपी 622 मांडला होता. वाद जोरात झाला, आणि बराचसा माझ्या त्या चुकीभोवतीच. नमुन्यात नुसतं नाव आलं, तर त्याचा अर्थ ‘या किमतीशी ताडून बघ’ की ‘जे मिळेल ते या नावात ठेव’? एमएलच्या घराण्यात दुसरा अर्थ चालतो. पायथनमध्ये मात्र स्थिरांकही साध्या चलासारखाच असतो, मोठी अक्षरं हा केवळ शिष्टाचार. शेवटी ठरलं असं: नुसतं नाव म्हणजे झोळी, नावात टिंब असेल तर तुलना. निक कोगलन यांनी तुलनेसाठी वेगळं चिन्ह सुचवणारा पर्यायी प्रस्ताव लिहिला, तो नाकारला गेला. निर्णय गिडोंच्या हाती नव्हता. 2018 साली दुसऱ्याच एका वादानंतर त्यांनी अंतिम शब्दाचा अधिकार सोडला होता. पाच जणांच्या सुकाणू समितीने 2021च्या फेब्रुवारीत पीईपी 634 मंजूर केला, आणि ऑक्टोबरात पायथन 3.10मधून तो आपल्या हाती आला.

कंपायलरमध्ये बुकर यांनी केलेलं काम तुलनेने साधं आहे. वस्तू यादीसारखी आहे का, कोशासारखी आहे का, अमुक वर्गाची आहे का, हे विचारणाऱ्या थोड्या नव्या सूचना बाइटकोडमध्ये घातल्या आणि ‘केस’ वरून खाली तपासायच्या. मारांजेंचा वृक्ष नाही, राहिलेल्या शक्यतेची ताकीद नाही. एकही ‘केस’ जुळली नाही, तर पायथन चुपचाप पुढे जातं. हे मला पटत नाही, पण प्रकार ठाऊक नसताना कंपायलर ताकीद तरी कशाच्या जोरावर देणार?

एक ताकीद मात्र तो देतो. झोळीसारखं नुसतं नाव मधल्या ‘केस’मध्ये लिहिलं, तर प्रोग्राम सुरूच होत नाही. पुढचे नमुने गाठलेच जाणार नाहीत, असं तो स्पष्ट सांगतो. माझं नाव शेवटच्या ‘केस’मध्ये होतं, त्याच्यापुढे काहीच नव्हतं, म्हणून त्याला आक्षेप नव्हता. 500साठी आणखी एक ‘केस’ खाली लिहिली असती, तर पहिल्याच मिनिटाला सापडलो असतो.

मी ते आकडे एका ‘एनम’मध्ये हलवले, नावापुढे टिंब आलं, आणि खाली अंडरस्कोरची एक ‘केस’ जोडली. ती आता उरलेला प्रत्येक आकडा जसाच्या तसा लिहून ठेवते.