घोळणा फुटला तर काय करावे?

गेल्या मार्च महिन्यातील एका रविवारी मिस्सा सुरू असताना एका दहा वर्षांच्या वेदीसेवकाचा घोळणा फुटला. पांढऱ्या झग्यावर रक्ताचे थेंब पडताच पुढल्या बाकांवरील चार-पाच जण धावले. एकाने मुलाची मान मागे वाकवली, दुसऱ्याने त्याला बाकावर उताणे निजवले, एका मावशींनी कांदा आणण्यासाठी कोणाला तरी पिटाळले. आम्हीही मान मागे धरण्यास हातभार लावला, हे येथे प्रांजळपणे नमूद करतो. परिणाम असा झाला की, नाकातील रक्त घशात उतरले, ते मुलाने गिळले आणि काही वेळातच त्याला रक्ताची उलटी झाली. ती पाहून त्याच्या आईला भोवळ यायची वेळ आली. अखेर भाविकांतीलच एका डॉक्टर भगिनीने त्याला ताठ बसवले, मान पुढे झुकवली आणि नाक चिमटीत धरले. दहा मिनिटांत रक्त थांबले. वेदीभोवती जमलेल्या आम्हा सुशिक्षितांना जे ठाऊक नव्हते, ते वाचकांना ठाऊक असावे म्हणून हे टिपण.

नाकाच्या दोन्ही पुड्यांमधील पडद्याच्या पुढच्या, खालच्या भागात अनेक बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. अमेरिकन शल्यचिकित्सक लिटल आणि जर्मन वैद्य किसेलबाख यांच्या नावांनी वैद्यकात हा भाग ओळखला जातो. येथील त्वचा अतिशय पातळ व ओलसर असून बोट सहज पोहोचेल इतकी ती जवळ आहे. घोळणा फुटण्याच्या सुमारे ९० टक्के प्रसंगी रक्त येथूनच येते, आणि म्हणूनच ते घरच्या घरी थांबवता येते. उरलेल्या थोड्या प्रसंगी रक्त नाकाच्या मागच्या बाजूच्या मोठ्या रक्तवाहिनीतून येते. हा प्रकार प्रामुख्याने उतारवयात आढळतो. रक्त दोन्ही पुड्यांतून येते, घशातही उतरते आणि नाक दाबूनही थांबत नाही. अशा वेळी रुग्णालयाला पर्याय नाही.

आपल्या सांताक्रूझची हवा दमट, मग येथे नाक कोरडे पडेलच कसे, असा प्रश्न कोणी विचारील. मार्च महिन्यात जमिनीवरून येणारे पूर्वेचे वारे जोर धरतात, समुद्रावरील वारा दुपारपर्यंत आत येत नाही आणि हवेतील ओलावा एकाएकी घटतो. येथील वेधशाळेत २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले, ते याच ऋतूत. त्यात बांधकामांची धूळ आणि रात्रभर चालणाऱ्या वातानुकूलन यंत्राची कोरडी हवा यांची भर पडते. मे महिन्याच्या सुट्टीत मुले नगर, जालना किंवा विदर्भातील आजोळी जातात, तेव्हा तेथील उन्हाळ्यातही हेच घडते. तरीही मुलांमधील सर्वांत सामान्य कारण ऋतूचे नव्हे, बोटाचे असते. सर्दीने किंवा ॲलर्जीने सुजलेल्या नाकातील खपली मूल नखाने काढते, आणि ती जागा पुन्हा पुन्हा फुटते.

आता प्रत्यक्ष कृती. रुग्णास ताठ बसवावे, निजवू नये. मान किंचित पुढे झुकवावी. अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत नाकाचा खालचा मऊ भाग, म्हणजे हाड संपते त्याखालचा भाग, दोन्ही बाजूंनी घट्ट दाबावा. वरचे हाड दाबून काहीही साधत नाही, मात्र बहुतेक जण नेमके तेच करतात. श्वास तोंडाने घ्यावा. तोंडात आलेले रक्त गिळू नये, थुंकावे; पोटात गेलेले रक्त उलटी आणते. हा दाब सलग दहा मिनिटे, घड्याळ पाहून, ठेवावा. दर अर्ध्या मिनिटाने ‘थांबले का?’ म्हणून बोट काढून पाहिल्यास धरू लागलेली गुठळी निसटते आणि सारा हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू होतो. रोझरीची तीन दशके म्हणून होईपर्यंत बोट हलवायचे नाही, असे आमच्या परिचयातील एक आजी नातवंडांना सांगतात. ते माप बऱ्यापैकी बरोबर आहे. दहा मिनिटांनी रक्त थांबले नाही, तर आणखी दहा मिनिटे दाबावे.

कांदा हुंगवणे, डोक्यावर थंड पाणी ओतणे, दूर्वांचा रस नाकात पिळणे हे उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. पुष्कळदा रक्त आपोआप थांबते आणि श्रेय कांद्याला मिळते. थंड पाण्याने वा बर्फाने रुग्णास बरे वाटत असेल तर हरकत नाही, पण त्यापायी नाकावरची चिमूट सुटता कामा नये. नाकात रस, हळद किंवा कापसाचे सुटे बोळे मात्र घालू नयेत. बोळा ओढून काढताना जखम नव्याने उघडते.

रक्त थांबल्यावर दिवसभर नाक शिंकरू नये, जड वस्तू उचलू नये, फार गरम चहा-कॉफी टाळावी आणि शिंक आल्यास तोंड उघडे ठेवून शिंकावे.

वीस मिनिटे नीट दाबूनही रक्त न थांबल्यास, रुग्णास चक्कर आल्यास, किंवा डोक्याला मार लागल्यानंतर नाकातून रक्त वा पाण्यासारखा द्रव आल्यास थेट रुग्णालय गाठावे. सांताक्रूझ पूर्वेस महापालिकेचे व्ही. एन. देसाई रुग्णालय आहे, पश्चिमेकडील रहिवाशांस जुहूचे कूपर रुग्णालय जवळ पडते. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे. तेथे डॉक्टर फुटलेली जागा सिल्व्हर नायट्रेटने भाजून बंद करतात किंवा नाकात पट्टी भरतात. क्वचित दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया करून रक्तवाहिनी बंद करावी लागते.

पावसाळ्यात एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. ताप असताना नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त आले, तर तो डेंग्यूमधील धोक्याचा इशारा असू शकतो. ताप उतरू लागला म्हणून निर्धास्त होऊ नये, कारण डेंग्यूतील गुंतागुंत पुष्कळदा त्याच सुमारास उद्भवते. अशा तापात ॲस्पिरिन अथवा आयबुप्रोफेन घेऊ नये, त्यांनी रक्तस्राव वाढतो, पॅरासिटामॉल चालते. पौगंडावस्थेतील मुलाच्या एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त येत असेल आणि ती बाजू चोंदलेलीही असेल, तर आत गाठ नाही ना, हे कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून तपासून घ्यावे. लहान मुलाने नाकात घड्याळाची गोल बॅटरी घातल्याचा संशय आला तर तासभरही थांबू नये, ती काही तासांतच नाकाचा पडदा जाळते. घोळण्याबरोबर अंगावर सहज काळे-निळे डाग उठत असतील किंवा घरात रक्त न गोठण्याचा आजार असेल, तर रक्ताची तपासणी आवश्यक ठरते. या विषयाची राष्ट्रीय संशोधन संस्था परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात आहे.

प्रतिबंधाचे उपाय साधे आहेत. मुलांची नखे कापावीत. नाक कोरडे पडत असल्यास मिठाच्या पाण्याचे औषधी थेंब वापरावेत आणि रात्री झोपताना पुडीच्या कडेला आतून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावावा. तान्ह्या बाळाच्या नाकात तेल सोडण्याची आपल्याकडील प्रथा मात्र सोडून द्यावी, कारण ते तेल फुप्फुसांत उतरू शकते.

आमच्या वयाच्या व त्याहून ज्येष्ठ वाचकांसाठी आणखी थोडे. रक्तदाब वाढल्यानेच घोळणा फुटतो, असे खात्रीने म्हणता येत नाही. परंतु वाढलेल्या दाबामुळे रक्त लवकर थांबत नाही, आणि घाबरल्याने दाब आणखी चढतो. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफॅरिन घेणाऱ्यांचे रक्त थांबण्यास अधिक वेळ लागतो. म्हणून घाबरून या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. हृदयात स्टेंट बसवलेल्या रुग्णाला ते जिवावर बेतू शकते. चालू असलेल्या औषधांची चिठ्ठी पाकिटात ठेवावी आणि रुग्णालयात पोहोचताच प्रथम ती डॉक्टरांच्या हाती द्यावी.