मथळा एक, परिणाम भलताच

वाचकहो, तुमच्या घरी पोटमाळ्यावर एखादी पत्र्याची ट्रंक असेलच. तिच्यात आजीचे नेसूचे लुगडे, पणजोबांची एखादी सनद, कुणाची तरी कुंडली, आणि सर्वांच्या तळाशी अंथरलेले जुने वर्तमानपत्र. सनद कुणी वाचत नाही, कारण ती मोडीत असते. तळचा कागद मात्र ट्रंक आवरायला बसलेला माणूस हटकून वाचतो, आणि आवरणे राहून जाते. इंदूर असो, बडोदे असो की बेळगाव, हा अनुभव सर्वत्र सारखाच. त्या कागदावरचे मथळे वाचताना एक मौज ध्यानात येते. मथळा ज्या दिशेला बोट दाखवतो तिकडे सहसा काहीच घडत नाही. घडते ते भलतीकडेच. आणि मागाहून आपणच आठवणीत दोहोंची गाठ मारून टाकतो.

पहिले उदाहरण मराठीतील सर्वांत प्रसिद्ध मथळ्याचेच घेऊ. १८९७ साली पुण्यात प्लेगचा बंदोबस्त, मग २२ जूनला रँडवर झाडलेल्या गोळ्या, आणि त्यानंतर सरकारने सगळ्या शहरावर काढलेला राग. जुलैमध्ये 'केसरी'ने विचारले : 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?'

समजा, सरकारने हा प्रश्न मनावर घेतला असता आणि एखाद्या कारकुनाला चौकशीस लावले असते. बिचारा 'ठिकाण' या शब्दाशीच अडला असता. कारण मुंबई सरकारचे डोके हिवाळ्यात मुंबईस, उन्हाळ्यात महाबळेश्वरी आणि पावसाळ्यात पुण्यास असे. हिंदुस्थान सरकारचे डोके कलकत्त्यास, आणि ऊन तापले की सिमल्यास. 'डोके ठिकाणावर आहे, मात्र ठिकाणे पाच आहेत,' असा शेरा मारून त्याने कागद वर पाठवला असता, आणि तो कागद या पाच गावांतून अजून फिरत राहिला असता.

प्रत्यक्षात काय झाले? त्याच महिन्यात टिळकांना अटक झाली, पुढे दीड वर्षाची सक्तमजुरी झाली, आणि ती या मथळ्यामुळेच, असे शाळेपासून आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात बसले आहे. पण खटला या अग्रलेखावर नव्हताच. आरोप होता तो १५ जूनच्या अंकावर, म्हणजे गोळ्या झाडल्या जाण्याच्या आठवडाभर आधीच्या. त्या अंकात शिवाजी उत्सवाचा वृत्तान्त होता आणि शिवाजी महाराजांच्या तोंडी घातलेली एक कविता होती. मोठ्याने ओरडलेला मथळा घरी राहिला. उत्सवाची बातमी तुरुंगात गेली.

त्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला सांगितले, की राजद्रोहाच्या कलमातील 'डिसअफेक्शन' म्हणजे सरकारविषयी प्रीतीचा अभाव. हा अर्थ संसाराला लावला, तर पाडव्याची ओवाळणी विसरणाऱ्या प्रत्येक गृहस्थाला दीड वर्ष सक्तमजुरी ठरलेली! ज्यूरीतील सहा युरोपियनांनी टिळकांना दोषी ठरवले, तीन हिंदी सभासदांनी निर्दोष.

१९०८ साली तर मथळे आणखी साधे होते. 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत'. दुसरा मथळा नुसता वाचला, तर पावसाळ्यापूर्वी गळके छप्पर शाकारण्यावर कुणी लिहिले आहे असे वाटावे. पण मराठी न जाणणाऱ्या ज्यूरीपुढे हे लेख इंग्रजी भाषांतरातून गेले, आणि टिळकांनी एकवीस तासांच्या भाषणात एकेका शब्दाच्या भाषांतरावर हरकत घेतली. निकाल सात विरुद्ध दोन, शिक्षा सहा वर्षे. मुंबईच्या गिरणी कामगारांनी वर्षाला एक दिवस या हिशेबाने सहा दिवस संप केला.

हसता हसता इथे थांबावे लागते. चार साध्या शब्दांच्या मथळ्याखाली एका माणसाची सहा वर्षे मंडालेत गेली. तो तिथे असतानाच १९१२ साली इकडे सत्यभामाबाई वारल्या. आणि त्याच कोठडीत 'गीतारहस्य' लिहिले गेले. मथळा छापणाऱ्याने किंवा त्यावर खटला भरणाऱ्याने यातले काही स्वप्नात तरी पाहिले असेल काय?

आता उलटे उदाहरण पाहू : मथळा प्रचंड, परिणाम शून्य. जुलै १९७९ मध्ये 'स्कायलॅब' ही अमेरिकेची ७७ टनांची अंतराळ प्रयोगशाळा कोसळणार होती, आणि ती नेमकी कुठे कोसळेल हे कुणालाच सांगता येत नव्हते. वर्तमानपत्रांनी आकाश अंगणात आणून ठेवले. आता उरलेत किती दिवस, असे म्हणून कोंबड्या कापल्याच्या आणि उधारी बुडवल्याच्या गोष्टी त्या पिढीकडून आजही ऐकायला मिळतात. तेलंगणातल्या एका खेड्याच्या अशा धांदलीवर २०२१ मध्ये तेलुगूत चित्रपटही निघाला. प्रयोगशाळेचे तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. तिथल्या एस्परन्स गावाने 'नासा'ला रस्त्यावर कचरा टाकल्याबद्दल ४०० डॉलर दंड ठोठावला. जगबुडीच्या मथळ्याचा शेवट नगरपालिकेच्या पावतीत झाला.

तुम्ही म्हणाल, हे सारे दुसऱ्यांचे. मग आपल्याच उंबरठ्यावर या. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. मतपत्रिकेवर दोनच खुणा : विलीनीकरणासाठी फूल, संघप्रदेशासाठी दोन पाने. फुलाला १,३८,१७० मते, दोन पानांना १,७२,१९१. एका घराला वाटले आता मराठी संपली, शेजारच्या घराला वाटले आता गोवा वाचला, आणि दोन्ही घरांत त्या दिवशी एकच वर्तमानपत्र फिरले असेल. वीस वर्षांनी, १९८७ मध्ये, गोवा स्वतंत्र घटकराज्य झाला. ही तिसरी खूण मतपत्रिकेवर नव्हतीच. त्याच वर्षीच्या कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीच्या वापरालाही जागा मिळाली.

बेळगावकरांची गोष्ट याहून लांबलेली. महाजन आयोग १९६६ मध्ये नेमला गेला, १९६७ मध्ये त्याने बेळगाव म्हैसूर राज्यातच राहावे असे सांगितले, महाराष्ट्राने ते मानले नाही, आणि २००४ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. या काळात मथळ्यांतला सर्वांत कष्टाळू शब्द म्हणजे 'लवकरच'. त्या शब्दावर विसंबून कुणी लेकाच्या लग्नाच्या पत्रिकेत राज्याचे नाव घालायचे ठेवले असते, तर आज नातवाच्या पत्रिकेतही ती जागा कोरीच राहिली असती. पण तसे कुणी केले नाही. लग्ने झाली, मुले शाळेत गेली, वाचनालयाची वर्गणी भरली गेली, व्याख्यानमाला चालल्या. 'लवकरच'ची वाट पाहता पाहता माणसांनी मराठी घरात जिवंत ठेवली, आणि याचा मथळा कुठेही झाला नाही.

म्हणून, वाचकहो, एक विनंती. पुढच्या वेळी ट्रंक आवराल तेव्हा तळचा कागद फेकू नका, पण त्यावरच्या मथळ्यावर विश्वासही ठेवू नका. खालची बारीक अक्षरे वाचा, आतल्या पानावरचा उत्सवाचा वृत्तान्त वाचा, लग्नाची आणि निधनाची दोन ओळींची वार्ता वाचा. इतिहास बहुधा तिथेच दडून बसलेला असतो. आणि जमल्यास ती मोडीतली सनदही एकदा कुणाकडून वाचून घ्या. तिला तर मथळाच नाही.