सुतार आणि आरमार

निवृत्त झाल्यावर माणसं ज्ञानेश्वरी वाचायला घेतात, नातवंडं सांभाळतात, नाहीतर सोसायटीचे सेक्रेटरी होतात. मी होडी घेतली.

तेहतीस वर्षं वसईच्या पोरांना इतिहास शिकवला. चिमाजीअप्पांनी १७३९ साली किल्ला कसा घेतला ते दाखवताना फळ्यावर खडूने इतक्या वेळा समुद्र काढला, की एकदा त्यात उतरून पाहावं असं वाटू लागलं. खाडीत जावं, गळ टाकावा, एखादा शिंगाळा मिळाला तर आणावा. सौ. म्हणाली, "बाजारात कोळणी बसतात, त्या काय शोभेला?"

पाचूबंदरचे एक तांडेल ओळखीचे. त्यांचे दोन्ही मुलगे माझ्या हातून इतिहासात नापास झालेले, त्यामुळे घरोबा होता. त्यांना म्हटलं, होडी विकत घ्यायची आहे. ते हसले. "होडी विकत नाय घेत, मास्तर. उभी करतात."

याचा अर्थ पुढे कळला. बारा हात लांबीचा सागवानी सांगाडा मिळाला, तो होडी नव्हे. तळाच्या कण्याला पठाण म्हणतात, बरगड्यांना वाक म्हणतात, हे शिकलो. दोन फळ्या कुजलेल्या होत्या, त्या बदलायच्या. फळ्यांच्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकून बसवायचा, मग डोलकाठी, सुकाणू, वल्ही, नांगर, दोर. यातला सुकाणू अरबी, ज्याच्या मालकीची होडी तो नाखवा फारशी आणि ती लागते ते बंदरही फारशी. एवढ्याशा होडीत एवढे पाहुणे!

सागाच्या फळ्यांचा भाव ऐकून मी परसातल्या आंब्याकडे पाहिलं. सौ.ने माझ्याकडे पाहिलं. रामचंद्रपंत अमात्यांनी 'आज्ञापत्रा'त तीनशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलंय, की आरमारासाठी सागवान हुजुरांच्या परवानगीने तोडावं. आंबा, फणसही कामाचे, पण त्यांना हात लावू नये, रयतेने ती झाडं लेकरांसारखी वाढवलेली असतात. आमच्या घरचे अमात्यही त्याच मताचे निघाले. साग विकत आणला.

सुतार मोठा कसबी होता. दहा दिवस आला, एका बाजूच्या कुजक्या फळ्या काढल्या, उचल घेतली आणि अकराव्या दिवसापासून दिसेनासा झाला. चौकशी केली तर कुठल्याशा टॉवरमध्ये मॉड्युलर किचनच्या कामावर गेलेला. तिथे रोज दुप्पट आणि वर पंख्याखाली बसून काम. होडी कुशीला भोक घेऊन वाळूत पडली. जून संपत आला होता आणि मी नारळी पौर्णिमेला पाण्यात उतरणार असं गावभर सांगून बसलो होतो.

त्या रात्री झोप येईना, तेव्हा एकदम व्हिएगस आठवला. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि तिथल्या खाडीत आरमार बांधायला काढलं. या कामात मुरलेली माणसं पोर्तुगीजांकडची, म्हणून रुय लैतांव व्हिएगस आणि त्याचा मुलगा फेर्नांव यांना कामावर घेतलं. सिद्दीशी लढायला वीस नावा बांधायच्या असं ठरलं. पण कल्याणच्या खाडीतून समुद्राला जायचं तर वाट वसईवरून नाहीतर ठाण्यावरून, आणि दोन्हीकडे पोर्तुगीज बसलेले! या नावा उद्या आपल्यावरच आल्या तर, अशी धास्ती वसईच्या कप्तानाला पडली. त्याने व्हिएगसला निरोप धाडले, समजावलं. १६५९ साली व्हिएगस बापलेक, त्यांची माणसं, त्यांची बायकापोरं, असे तीनशेवर लोक काम टाकून रातोरात पोर्तुगीज हद्दीत निघून गेले.

म्हणजे वसईपायी सुतार पळण्याची परंपरा साडेतीनशे वर्षांची आहे. मला फार बरं वाटलं. हा धडा शिकवताना मी नेहमी आरमाराची भव्यता सांगत असे. अर्ध्या बांधलेल्या नावा खाडीकाठी पाहून सकाळी त्या कारभाऱ्यांना काय वाटलं असेल, हे शिकवायचं राहूनच गेलं. कुशीत भोक असलेल्या होडीशेजारी उभं राहिल्याशिवाय ते कळत नाही. महाराजांनी पुढे काम थांबवलं नाही, इथल्याच माणसांच्या हातून करून घेतलं. मग मीही इथलाच माणूस शोधायला निघालो.

तो तांडेलांच्या घरातच होता. त्यांचे थोरले भाऊ. वय ऐंशीच्या पुढे, ओटीवर बसून लसूण सोलत असत. स्वातंत्र्यानंतर सरकारी अनुदान आणि सोसायट्यांची कर्जं मिळून बोटींत इंजिनं बसत गेली आणि शीड बांधणारे हात रिकामे झाले, त्या हातांतले हे दोन. विचारल्यावर काही बोलले नाहीत. आत गेले आणि गंजलेला वाकस घेऊन बाहेर आले.

त्यांची एकच अट होती, शीड लावायचं. पुतणे हसले. शीड शिवायला बाजारातल्या शिंप्याकडे कापड नेलं, तो म्हणाला, "माप कुणाचं?" शेवटी म्हाताऱ्यांनी ओटीवरच दाभण घेऊन शिवलं. डोलकाठी पुढे कललेली का, हे मी विचारलं. शिडाचं तिरकं आडवं लाकूड, म्हणजे परबाण, काठीला न घासता मोकळं लोंबावं म्हणून. होडी वळवायची तर ते अख्खं परबाण काठीच्या पुढून पलीकडे न्यायचं, वारा पाठीवर घेऊन. हे सांगताना त्यांचे हात हवेत असे फिरत, की लसणाची टोपली दोनदा सांडली. पुतणे तोवर हसायचे थांबले होते. धाकट्याने तर मोबाइलवर चित्रीकरण केलं.

पौर्णिमेला नारळ वाहिला आणि आम्ही खाडीत शिरलो. शीड भरलं. मी वळताना दोर चुकीचा सोडला, परबाण माझ्या टोपीवरून गेलं, टोपी अजून खाडीत आहे. म्हातारे ओरडत होते, त्यातले शब्द मला शाळेत कुणी कधी म्हटले नव्हते. गळाला काही लागलं नाही.

परतताना वारा पडला. पुतण्याच्या इंजिनवाल्या बोटीने दोर टाकून आम्हांला ओढत आणलं. म्हातारे सगळा वेळ इंजिनाकडे पाठ करून शिडाची घडी घालत बसले होते.